शेतातला मुक्काम अन् बॅटरीचा हिशोब

वैशाखात मेळघाटाच्या पायथ्याशी शेतात तंबू ठोकायचा म्हटलं की बरेच जण घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलतात. तिच्यावर समजा १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर लिहिलेलं आहे. गुणाकार केला की १२०० वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण वीज. पण अशी लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. हाताशी ६००च धरा.

खरा खादाड पंखा. घरचा ५० वॅटचा टेबलफॅन आठ तासांत ४०० वॅट-अवर ओढतो, वर इन्व्हर्टर स्वतःचं १०-१५ टक्के कमिशन कापतो ते वेगळं. बॅटरीवर थेट चालणारा १५ वॅटचा डीसी पंखा तेवढ्याच वेळात १२० घेतो. एलईडी दिवा, मोबाईल ही चिल्लर. इलेक्ट्रिक किटली मात्र घरीच राहू द्या. चहाला छोटी गॅस शेगडी बरी.

बॅटरी किती उरली हे बघायचं तर सगळं बंद करून अर्ध्या तासाने मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२च्या आसपास निम्मी. पंखा फिरत असताना मोजलं की आकडा पडलेला दिसतो. माझ्या भावाने असाच रात्रभर फुकटचा घोर लावून घेतला होता, घामाघूम होऊन. दिवसा बॅटरी तंबूबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत ठेवा.