परिच्छेदातला मुख्य मुद्दा शिकवताना या चुका टाळा

सातवीच्या वर्गात मी हा परिच्छेद फळ्यावर लिहिला होता:

«मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. एक मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्रे उकरायचे, माणसंही न्यायची. आता गावातली माणसं पहाटे किनारा पालथा घालून अंडी कुंपणाच्या आत हलवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की ती समुद्रात सोडतात.»

मुख्य मुद्दा काय, असं विचारलं. निम्म्या वर्गाने लिहिलं, “कासव.” बाकीच्यांनी लिहिलं, “शंभर अंडी.” एकीने लिहिलं, “प्राणिमात्रांवर दया करावी.”

तिन्ही उत्तरांत चूक आमचीच, शिकवणाऱ्यांची.

“कासव” हा विषय झाला. विषय आणि मुद्दा यांतला फरक आपण सांगतच नाही. मी आता लागोपाठ दोन प्रश्न विचारतो: कशाबद्दल लिहिलंय? आणि त्याबद्दल काय म्हटलंय? दुसऱ्याचं उत्तर पूर्ण वाक्यातच हवं, एका शब्दावर सोडायचं नाही.

“शंभर अंडी” येतं, कारण आकडा दिसला की मुलं त्याखाली रेघ मारतात. परीक्षेत आकडेच विचारले जातात, मग त्यांचं तरी काय चुकलं? इथे झाकून बघायची युक्ती चालते. ते वाक्य हाताने झाका. कासवं येतात, अंडी धोक्यात होती, गावाने राखली, पिल्लं समुद्रात गेली, सगळं शाबूत. आता “गावातली माणसं” हे वाक्य झाका. पिल्लं वाचली कशी, तेच कळत नाही. मुलांनी हे स्वतः करून बघायला हवं. नुसतं सांगून उपयोग नाही.

दयेचं उत्तर मात्र सगळ्यांत चिवट. पहिलीपासून गोष्ट संपली की आपण “तात्पर्य” विचारतो, त्यामुळे मुख्य मुद्दा म्हणजे उपदेश हे डोक्यात पक्कं बसतं. त्या मुलीला मी एवढंच विचारलं, “दया हा शब्द किंवा तसं काही यात कुठे दिसतं, बोट ठेव बघू.” तिचं बोट बराच वेळ फळ्यावर फिरत राहिलं.

“पहिलं वाक्य म्हणजे मुख्य मुद्दा” ही सवयही मोडा. वरच्या परिच्छेदात मुद्दा कुठल्याच एका वाक्यात नाही. शेवटची तीन जोडावी लागतात.

मी स्वतः एक चूक बरीच वर्षं केली. नारळाचा रस काढायचा, चोथा टाकायचा, म्हणजे सारांश, असं सांगायचो. मग मुलं तपशील टाकाऊच समजू लागली. पण कोल्हे-कुत्रे नसते तर राखायचं कशापासून?

आणि पुस्तकी भाषेची घाई नको. मालवणी बोलणाऱ्या मुलाला आधी मालवणीत सांगू द्या. “गाववाल्यांनी अंडी राखली म्हणान पिल्लां वाचली,” असं मागच्या बाकावरून आलं, तेव्हा प्रमाण मराठीत लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तरीही कोणी अख्खा परिच्छेदच म्हणून दाखवत असेल, तर त्याला सांगा: आजी एसटीत बसलीय, कंडक्टरने घंटी मारलीय, खिडकीतून एका दमात सांग.