मांजर ऐकतं हो, येत नाही एवढंच

"आमचं मांजर अजिबात ऐकत नाही" असं कोणी ना कोणी सांगतंच, आणि दर वेळी मी एकच विचारते, हाक मारल्यावर त्याचा कान हलतो का ते बघितलंय का कधी? कारण कान हलला म्हणजे ऐकलं, कळलं, आता यायचं की नाही ते साहेब ठरवणार. त्याला यावंसं वाटेल असं काय करायचं, ते लिहितेय. आमच्या ठमीवर (भाटी, वय चार, पार्किंगमधून उचललेली) सगळं करून झालंय.

आधी नाव कळतं का ते तपासा. जपानमध्ये आत्सुको साइतो या संशोधक बाई आणि त्यांच्या टीमने हे केलं होतं, २०१९ साली छापून आलं, आणि घरी पण जमण्यासारखं आहे. मांजर निवांत पडलेलं असताना, झोपेत नको, त्याच्या नावाएवढेच लांब चार शब्द एकाच सुरात म्हणायचे, मध्ये पंधरा-पंधरा सेकंद जाऊ द्यायचे. पहिल्या शब्दाला कान फिरेल, दुसऱ्याला कमी, चौथ्यापर्यंत त्याला कंटाळा येतो. मग त्याच सुरात नाव घ्या. कान किंवा मान परत हलली की झालं, नाव ओळखतंय. त्या प्रयोगात घरातली मांजरं आपलं नाव आणि सोबतच्या मांजराचं नाव यातही फरक करत होती, कॅट कॅफेतल्यांना (चहा-कॉफी पिता पिता मांजरांशी खेळायची हॉटेलं) मात्र ते नीट जमलं नाही, आणि साहजिकच आहे, तिथे कोणाच्याही नावाने हाक मारली तरी लाड सगळ्यांचेच होत असणार.

आम्ही केलं तेव्हा मी काठी, माती, गादी, वाटी असे शब्द घेतले. काठीला कान, मातीला अर्धा कान, गादीला काहीच नाही, आणि वाटी म्हटल्यावर बाईसाहेब ताडकन उठून ओट्यापाशी! कारण आई रोज "अगं तिची वाटी कुठंय" असं विचारतच जेवण काढते. म्हणजे परीक्षा मीच फुकट घालवली. तर शब्द निवडताना रोजच्या खाण्यापिण्यातला नको, दुसऱ्या दिवशी वाटीच्या जागी पाटी घेतली तेव्हा बरोबर झालं.

आता शिकवणं. सव्वाशेक वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने भुकेली मांजरं लाकडी खोक्यात कोंडली, बाहेर खाणं ठेवलं, दार उघडायला आत एक दोरी नाहीतर खिट्टी. पहिल्यांदा ती नुसती ओरबाडायची, चावायची, चुकून कधीतरी दोरी ओढली जायची आणि सुटका. असं करत करत वेळ कमी होत गेला आणि शेवटी आत टाकलं की लगेच बाहेर. त्याचं म्हणणं होतं की मांजर विचार करून नाही, फायदा झाला तेच परत करत शिकतं. यावर नंतर पुष्कळ वाद झालेत, पण आपल्या कामाचं एवढंच की फायदा त्या क्षणी मिळायला हवा. तुम्ही "शहाणं गं माझं बाळ" करत फ्रीजपाशी जाऊन चिकन काढेपर्यंत ते शहाणं बाळ खिडकीत जाऊन बसलेलं असतं, मग चिकन कशाबद्दल मिळालं ते त्याला कुठून कळणार.

म्हणून आधी एक आवाज ठरवा, तो वाजला म्हणजे खाऊ येतोय असं त्याला कळायला हवं. क्लिकर (दाबला की टिक वाजतो) विकत मिळतो पण टिकटिक करणारं बॉलपेन चालतं. उकडलेलं चिकन, मीठ नाही, कांदा-लसूण तर बिलकुल नाही (मांजरांना विषारी असतो, रश्श्यातला तुकडा धुऊन वगैरे देऊ नका), हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून वाटीत जवळ ठेवा. टिक, लगेच तुकडा. टिक, तुकडा. दहा-बारा वेळा, जेवणाच्या आधी, पोट भरल्यावर नाही. एक-दोन दिवसांत टिक वाजलं की ते तुमच्या हाताकडे बघायला लागतं, तेव्हा पुढे जा.

मग बोट पुढे धरा, नाकापासून वीतभर लांब. अगदी नाकाला चिकटवू नका, मांजराला फार जवळचं नीट दिसत नाही, तिथे ते मिशांवर काम भागवतं. बोट दिसलं की बहुतेक मांजरं वास घ्यायला येतातच. नाक टेकलं, टिक, तुकडा. तीन मिनिटांत बंद करायचं, त्याला अजून हवंय असं वाटत असतानाच. बोट रोज थोडं लांब नेत जा, मग दुसऱ्या खोलीत, आणि बोटाच्या आधी नाव घ्यायला लागा. आम्हाला हॉलमधून बेडरूमपर्यंत यायला नऊ दिवस लागले, बोक्यांना कदाचित जास्त लागतील, मला बोक्यांचा अनुभव नाही.

एक गोष्ट मात्र कधी करू नका, नावाने हाक मारून औषध पाजणं, नखं कापणं, आंघोळ. एकदा केलंत की पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. औषधाला आपण उठून जायचं.

आणि कुत्र्याशी तुलना नको. हंगेरीत २००५ मध्ये दोघांनाही तपासलं होतं, माणसाने बोट दाखवलं की खाऊ कुठल्या भांड्यात ते मांजरांनाही कुत्र्यांइतकंच कळलं. पण खाऊ समोर दिसतोय आणि काढताच येत नाही असं केल्यावर कुत्रे माणसाच्या तोंडाकडे बघायला लागले, मांजरं मात्र भांड्याशीच झटत राहिली. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात तुकडा टाकून बघा, आमच्याकडे डबा सोफ्याखाली गेला तरी आमच्याकडे एक नजर नाही. हा बावळटपणा नाही, तिला आपली मदत मागायची सवयच नाही.

मागायचं असतं तेव्हा बरोबर मागतात. पहाटे पाचला जी घुरघुर कानाशी येते ना, तिच्यात खाण्यासाठी एक रडल्यासारखा उंच सूर मिसळलेला असतो, कॅरेन मॅकॉम्ब या संशोधक बाईंनी इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात २००९ ला हे दाखवलंय, ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ती घुरघुर घाईची वाटली. तुम्ही उठून वाटी भरलीत की टिक वाजलं समजा, फक्त पेन तिच्या हातात आहे. उपाय म्हणजे उठल्या उठल्या खायला द्यायचं नाही, आधी दात घासा, चहा टाका, मग द्या.

आता सगळ्यात उपयोगाचं, डॉक्टरकडे न्यायची बास्केट. लोक ती माळ्यावर ठेवतात आणि लसीच्या दिवशीच काढतात, मग मांजर कपाटामागे आणि आपण हात ओरबाडून घेतलेले. बास्केट आठवडाभर हॉलमध्येच राहू द्या, दार काढून ठेवा, आत तिच्या वासाची जुनी चादर. पहिले दोन दिवस बाहेर तुकडा, मग उंबऱ्यावर, मग आत. पूर्ण आत गेली की टिक. मग दार लावून लगेच उघडा, मग दहा सेकंद, मग उचलून दोन पावलं, मग जिन्यापर्यंत. घाबरून मागे सरकली की आदल्या दिवसावर परत या.

ठमीला हे तीन आठवड्यांत जमलं, लसीला स्वतःहून आत जाऊन बसली, रिक्षात ओरडली ती ओरडलीच पण कोणाचं रक्त निघालं नाही. अडचण आता वेगळीच आहे. भूक लागली की ती जाऊन बास्केटमध्ये बसते आणि आमच्याकडे बघत राहते. न सांगता बसली तर द्यायचं नाही असा नियम आहे, नाहीतर दिवसभर तेच चालेल. मी देत नाही. आई देते.