पहिले पंधरा दिवस पाहुण्याचे : मलावीला सेवेसाठी निघालेल्यांना

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली दोन मुलं यंदा आफ्रिकेतल्या मलावी देशात सेवेला निघालीत. "ताई, काय काय न्यायचं?" म्हणून विचारत होती. सामानाचं सोपं आहे हो, पहिले पंधरा दिवस अवघड असतात. मी नगरची, बावीस वर्षं लॅबमध्ये काढली, आणि दक्षिण मलावीतल्या एका मिशन इस्पितळात तीन महिने सेवा करून आले. त्यावरून सांगते.

कागदपत्रं आधी. बोलावणाऱ्या मंडळीकडून लेखी पत्र घ्या आणि तुम्ही नेमकं काय काम करणार ते कळवून कुठला परवाना लागतो ते विचारा. "फिरायला आलोय" असं विमानतळावर सांगून दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभं राहायचं नाही. विमान इथिओपियातल्या अदीस अबाबाला बदलणार असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं आधीच विचारून ठेवा. लस घेतल्यावर १० दिवसांनी तो दाखला लागू होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली धावपळ फुकट जाते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि परत आल्यावरही सांगितलेत तितके दिवस. तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या प्रकारचा. स्लाइडवर रोज बघत होते म्हणून बजावते, ताप आला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि स्वेटर न्या. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून मी जूनमध्ये सुती साड्या आणि पंजाबी ड्रेस घेऊन गेले. दक्षिणेतलं ब्लँटायर शहर (हे नाव मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचं) साधारण हजार मीटर उंचीवर, आणि जून-जुलै हा तिथला हिवाळा. त्या दिवसांत धुकं आणि बारीक भुरभुर घेऊन जी हवा येते तिला तिकडे चिपेरोनी म्हणतात. पहिल्या रविवारी मी उपासनेला अंगावर चादर घेऊन बसले होते. विजेची पिनही वेगळी, इंग्लंडसारखी चौकोनी तीन टोकांची. अडॅप्टर इथूनच न्या.

आता मुख्य गोष्ट. पोहोचल्यावर चिचेवा या तिथल्या भाषेतली नमस्काराची पद्धत पाठ करा, बाकी सगळं थांबू शकतं. दिवसा विचारतात, "मुली ब्वांजी?" उत्तर, "न्दिली ब्वीनो, काया इनू?" म्हणजे मी बरी आहे, तुम्ही? मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपं: प्रश्नात मुली, उत्तरात दिली. सकाळी मात्र "म्वाद्झुका ब्वांजी?", म्हणजे उठलात कसे. "झिकोमो" म्हणजे आभार. कुणाच्या दारात गेलात तर कडी वाजवू नका, बाहेरून "ओडी!" म्हणा आणि आतून "ओडीनी" येईपर्यंत थांबा. "पेपानी" म्हणजे माफ करा, पण समोरचा ठेचकाळला तरी तेच म्हणतात, चूक तुमची नसली तरी. हे पूर्ण न करता थेट कामाचं विचारलं तर उत्तर मिळतं, पण चेहरा मिटतो.

आमच्या आजीला नगरच्या मिशनमधल्या मडमांच्या गोष्टी माहीत होत्या. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, म्हणजे आमची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या परदेशी पाहुणे बघत आलेली. आजीला मडमेने काय शिकवलं ते फारसं आठवत नसे. कुठली मडम ओसरीवर बसून भाकरी खायची आणि कुठली उभ्या उभ्याच सूचना देऊन जायची, ते मात्र पक्कं लक्षात होतं.

आणि तरी मी काय केलं? तिसऱ्याच दिवशी लॅबमधलं कपाट लावून टाकलं. रसायनं, काचपट्ट्या, रजिस्टरं, सगळं माझ्या नगरच्या शिस्तीत. कुणी काही बोललं नाही, उलट "झिकोमो" म्हणाले. आठवडाभर कुणालाच काही सापडत नव्हतं. दहाव्या दिवशी सफाईच्या मावशींनी मला हळूच सांगितलं. म्हणून लिहिते: पंधरा दिवस कपाटाला हात लावू नका. तिथल्या माणसाच्या शेजारी बसा, तो सांगेल तेवढंच करा, आणि वहीत "हे असं का?" एवढंच लिहीत जा. माझ्या वहीतले निम्मे प्रश्न दुसऱ्या आठवड्यात आपोआप सुटले. एका कपाटाची दिशा तर वीज गेल्यावर खिडकीतला उजेड कुठे पडतो त्यावरून ठरलेली होती!

जेवण. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपली उकड आणखी आटवली तर होईल तसा. आधी तांब्यातलं पाणी हातावर घालतात, मग उजव्या हाताने तोडून, वळून, न्दिवोत, म्हणजे पालेभाजी, बीन्स किंवा मासळीच्या कालवणात बुडवून खायचा. इथे आपण गोऱ्या पाहुण्यांच्या चार पावलं पुढे, हाताने खाणं शिकावं लागत नाही. यजमान मांस तुमच्याच पुढे सरकवतील. थोडं घ्या, पण घ्या. एक गंमत: दक्षिण मलावीत तूर पिकते, तिला नांदोलो म्हणतात, आणि ती तिथून भारतातही विकायला येते. मी नगरहून दोन किलो डाळ वाहून नेली होती.

रविवारी तुम्हाला उभं करणारच. लांब साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव) देऊ नका, दुभाषी वाक्यावाक्याला थांबतो आणि तुमचं दहा मिनिटांचं वीस होतं. "आमच्या मंडळीचा तुम्हाला सलाम" हे मात्र पहिल्याच वाक्यात हवं. त्यावर टाळ्या पडतात, कारण तुम्ही एकटे नाही आलात, कुणीतरी पाठवलंय, हे त्यांना ऐकायचं असतं. दानार्पणाला लोक नाचत पुढे जातात. लाजू नका, रांगेत चालत गेलात तरी चालतं.

पैशाचं एकच: वैयक्तिक कुणाला देऊ नका. मागणारा खोटा असतो म्हणून नव्हे, पण उद्या दारात कोण येईल आणि कोण रुसेल ते तुम्हाला कळणार नाही. द्यायचंच असेल तर मंडळीच्या पंचांमार्फत. रुग्णांचे फोटो काढू नका. लहान मुलांचे तर नाहीच, ती स्वतः पोझ देत उभी राहिली तरी.

सुट्टीत सरोवरावर नेतील. पाण्यात उतरण्याआधी बिल्हार्झियाचं (गोड्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताचा आजार) तिथल्या डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर ताप आला तर नगरच्या डॉक्टरांना आधी "मी मलावीहून आले" हे सांगा, मग बाकीचं.