पर्वतीच्या आधीची दहा मिनिटं

तीस वर्षं मी ब्लाऊज शिवते आहे. पहिली वीस पायाच्या मशीनवर गेली, मग मशीनला मोटर बसवली. काम भराभर उरकायला लागलं आणि पाय दिवसभर नुसते टेकलेले राहिले. तीन वर्षांपूर्वी, पन्नाशीला, रक्त तपासलं तर एचबीए१सी ७.८. म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतली साखरेची सरासरी; ६.५ च्या पुढे मधुमेह धरतात. मोटरमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. माझ्या आईलाही होता. पण बसून राहिलेल्या पायांचा त्यात वाटा आहे, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मनोमन पटलं.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त खपते ती आपल्या स्नायूंत. एरवी तिला आत शिरायला इन्सुलिन लागतं. पण स्नायू हलत असला की तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो, आणि पुढचे कित्येक तास इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी दोन तास चालून बाकी आठवडा बसून काढला तर फारसा उपयोग नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही, एवढं पक्कं ठरवा.

सुरुवात पहाटे उठून करू नका. मी तीच चूक केली होती. दोन वेळा गजर लावून सुरू केलं आणि दोन्ही वेळा आठवड्यात सुटलं. सुरुवात जेवणानंतर करा. दुपारचं ताट उचललं की दहा मिनिटं चाला. गल्लीत, गच्चीवर, नाहीतर घरातल्या घरात. माझ्याकडे साखर बघायचं यंत्र आहे. दोन भाकऱ्या, पिठलं आणि भात खाऊन मी मशीनवर बसले तेव्हा दोन तासांनी २१२ आली होती. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, पण नंतर पंधरा मिनिटं चालले, तर १७१. रोज इतका फरक पडत नाही, पण त्या दिवशी तो आकडा बघून मी नवऱ्याला हाक मारून दाखवला होता. रात्रीच्या जेवणानंतर तर हे चालणं चुकवूच नका, कारण जेवून लगेच टीव्हीसमोर बसायची सवय सगळ्यांनाच असते.

महिनाभर हे जमलं की पायात ताकद आणायची. त्यासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची पुरे. भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर, आणि हाताचा आधार न घेता उठा. बसताना धपकन बसू नका. चार आकडे मोजत सावकाश टेका, खरा व्यायाम त्या टेकण्यातच आहे. सुरुवातीला पाच वेळा, मग आठ, मग दहा. गुडघे आत वळत असतील तर पावलांत थोडं जास्त अंतर ठेवा. मी एक गिऱ्हाईक गेलं की दहा वेळा उठते-बसते. ओट्याला धरून टाचा उचलणं हे कुकरच्या शिट्ट्या मोजताना होतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. पायांवर वजन घेऊन केलेल्या अशा कामानं त्यांनाही बळ मिळतं.

आणि मग पर्वती, आमची पुण्यातली टेकडी. पायऱ्या १०३, दगडी, रुंद. पहिल्या दिवशी मी तिसाव्या पायरीला बसले आणि तिथूनच परत उतरले. पुढच्या आठवड्यात पन्नास. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, नुसता चवडा नको. वेग किती, ते श्वासावरून ठरवा: बरोबरच्या बाईशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलणंही तुटत असेल तर थांबा. गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो, चढताना नव्हे, म्हणून उतरताना कडेनं, सावकाश. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पर्वती आणि जेवणानंतरची दहा-दहा मिनिटं धरली तर तेवढं सहज भरतं.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी गोळी घेऊन, काही न खाता, मी एकदा पायऱ्या चढले. साठाव्या पायरीला हात थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांपुढे धुरकट. शेजारून चढणाऱ्या एका काकूंनी ओळखलं आणि पिशवीतली खडीसाखर तोंडात घातली. साखर ७० च्या खाली गेली की असं होतं. ही गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी वेळ आणि डोस बोलून घ्यायचाच. मी आता कमरेच्या पाऊचमध्ये तीन चमचे साखरेची पुडी ठेवते. खाल्ली की पंधरा मिनिटं बसून राहायचं, बरं वाटलं तरी लगेच चढायचं नाही. छातीत दडपलं किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं, तर साखर बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

बूट संध्याकाळी घ्या; तोवर पाय थोडे सुजलेले असतात, म्हणजे माप बरोबर मिळतं. घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते आणि मग फोड आलेला कळत नाही. मला वाकून दिसत नाही, म्हणून मी ट्रायल रूममधला आरसा जमिनीवर ठेवते.

परवाची एचबीए१सी ६.७ आली. गोळ्या चालूच आहेत. झोप मात्र गोळीशिवाय लागते, आणि दुपारी चार वाजता डोकं जड होऊन हातशिलाई चुकायची, ते थांबलं आहे. आता पावसाळा आहे, पायऱ्या शेवाळतात, तेव्हा सध्या खुर्ची आणि गच्चीचा जिना. वीज गेली की मोटरही काढते आणि जुना पट्टा चढवून पायांनी मशीन चालवते.