चष्मा लावूनही नीट दिसत नसेल, तर पुढे काय करायचं

नंबर काढताना मी एक गोष्ट सोडत नाही. बरोबर काच लावल्यावर माणसाला तक्त्यावरची ६/६ची, म्हणजे चांगल्या नजरेची ओळ वाचता आली पाहिजे, आणि येत नसेल तर का येत नाही ते कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. मोतीबिंदू, पडद्यावरचा डाग, लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा, काहीही असो, पण कारण हवं. "याला एवढंच दिसणार" हे कारण होत नाही. डोळ्यांचे दुर्मीळ आजार नेमके इथंच वर्षानुवर्षं दडून राहतात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. निदान डोळ्यांचे डॉक्टर करतात, मी नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागात चष्म्याचं दुकान असलं की लोक आधी तुमच्याकडे येतात आणि डॉक्टरकडे नंतर. म्हणून घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं आणि कुठली तपासणी राहून गेली तर परत विचारायचं, एवढं लिहिते.

आधी एक घरचा प्रयोग. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि शिवणाच्या सुईने त्याला एक भोक पाडा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दुसऱ्या डोळ्याने भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. भोकातून जास्त स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक नंबरचा, म्हणजे काचेचा. फरकच पडला नाही किंवा आणखी अंधूक झालं, तर पडदा किंवा डोळ्याची नस तपासायला हवी. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून "दिसतंय की" म्हणणाऱ्यांचा एक डोळा कधीचा गेलेला असतो. चांगल्या डोळ्यात कचरा गेला, तो चोळायला झाकला, तेव्हा त्यांना ते कळतं.

बाळांच्या बाबतीत

बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की आईच्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागतं, आणि तीन महिन्यांपर्यंत चेहऱ्यामागे नजर फिरवतं. तसं होत नसेल, डोळे सारखे भिरभिरत असतील, किंवा बाळ बोट नाहीतर मूठ डोळ्यात खुपसून दाबत बसत असेल, तर "मोठं झाल्यावर होईल" म्हणून थांबू नका. डोळा दाबत राहण्याची ही सवय पडद्याच्या जन्मजात आजारांत दिसते. लेबर कंजेनिटल अमोरोसिस त्यातलाच एक. काही बाळांची नजर नुसती उशिरा जागी होते आणि पुढे सगळं ठीक होतं, हेही खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून म्हणायचं.

सगळ्यात घाईचं लक्षण म्हणजे बाहुलीत पांढरी चमक. फ्लॅश मारलेल्या फोटोत डोळे लाल येतात, ते चांगलं. एक डोळा लाल आणि दुसऱ्यात पांढरं-पिवळं काही चमकत असेल, आया ज्याला "मांजरासारखं चमकतं" म्हणतात, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मोतीबिंदू असू शकतो, पण रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कॅन्सरही असू शकतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, आणि बहुतेकांना पाच वर्षांच्या आत. वेळेत सापडला तर जीव वाचतोच, बऱ्याचदा डोळाही वाचतो. मूल कडेला बघत असेल तर डोळ्याच्या नसेचा उजेड परतूनही फोटोत अशी चमक येते. पण ती कुठली चमक, याचा निवाडा घरी बसून करायचा नाही. मोबाइलमधले जुने फोटो काढा, बारशाचे, जावळाचे, आणि ज्यांत चमक आहे ते तारखेसकट डॉक्टरांना दाखवा. मोबाइलची लाल डोळे पुसून टाकणारी सोय आधी बंद करा. आणखी एक: या आजारात गाठीचा तुकडा काढून तपासत नाहीत, कारण त्याने कॅन्सर डोळ्याबाहेर पसरू शकतो. बाहुली मोठी करून, गरज पडली तर भूल देऊन पडदा बघतात, शिवाय सोनोग्राफी आणि एमआरआय. कुणी "आधी तुकडा काढू" म्हणालं तर तिथून उठा.

दुसरं लक्षण कौतुकाखाली झाकलं जातं. "किती टपोरे डोळे!" म्हणून पाहुणे बाळाची दृष्ट काढतात. टपोऱ्या डोळ्यांबरोबर पाणी येतं, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेतं, बुबुळ धुरकट दिसतं, असं असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातलं प्रेशर वाढलं की कोवळा डोळाच फुगतो. बुबुळाची रुंदी पट्टीने मोजतात. नवजात बाळात ११ मिलिमीटरच्या वर गेली की संशय घ्यायचा. याचं ऑपरेशन लवकर करावं लागतं. नुसतं पाणी येत असेल तर बहुधा अश्रूची नळी चोंदलेली असते, तेवढ्याने घाबरू नका.

कमी दिवसांच्या बाळाचं थोडक्यात: ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा वजन २ किलोच्या आत असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासलाच पाहिजे. अशा बाळांना होणारा पडद्याचा आजार (आरओपी) दुर्मीळ नाही, पण तारीख हुकली की डोळा जातो.

शाळेतलं मूल "नाटक" करतं तेव्हा

"मॅडम, नाटक करायलीय बघा, टीव्ही तर जवळून नीट बघती," हे मी पुष्कळ ऐकते. नऊ-दहा वर्षांची मुलगी, फळ्यावरचं दिसत नाही म्हणते, नंबर लागत नाही आणि पडदा वरवर बघितला तर बरा दिसतो. मग कुणीतरी सांगतं, चष्मा हवा म्हणून सोंग करतेय. स्टारगार्ट नावाचा पडद्याचा आनुवंशिक आजार सुरुवातीला अगदी असाच असतो. मधली नजर जाते, कडेची शाबूत राहते, म्हणून मूल वस्तूकडे तिरकं बघतं. ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा) फोटोत डॉक्टरांच्या टॉर्चला न दिसलेलं दिसतं. या आजारात व्हिटॅमिन ए चे जादा डोस टाळायला सांगतात. म्हणून निदान होईपर्यंत "नजरेचं टॉनिक" सुरू करू नका. मूल सोंग करतं, असंही घडतं. पण ते निदान सगळ्या तपासण्या झाल्यावर, सगळ्यात शेवटी करायचं.

रातांधळेपणासाठी माझा एक खास सोलापुरी प्रश्न आहे: गड्ड्याच्या यात्रेत अंधार पडल्यावर पोरगं पुढं पळतं, की हात सोडत नाही? घरात लाईट गेल्यावर कुठं धडपडतं? पायरी चुकतं का, जेवताना बाजूचा पेला सांडतो का? उत्तर "हो" आलं तर दोन शक्यता बघायच्या. एक, व्हिटॅमिन ए ची कमतरता: डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो, आणि डॉक्टरी डोसाने काही दिवसांत फरक पडतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिल्या जाणाऱ्या डोसांचं कार्ड तपासा. दुसरी, रेटिनायटिस पिगमेंटोसा, साधारण ४,००० माणसांत एकाला होणारा पडद्याचा आजार, ज्यात नजर कडेकडून आत आक्रसत येते. त्यासाठी फील्ड टेस्ट (कडेची नजर किती ते मोजणारी) आणि ईआरजी (उजेडाला पडदा किती प्रतिसाद देतो ते बघणारी) लागते. अशा मुलाचे कानही तपासून घ्या. डोळा आणि कान दोन्ही अधू असतील तर तो अशर सिंड्रोम असू शकतो, आणि तो कळला की शाळेचं सगळं नियोजन बदलतं.

डोळे चोळणारी मुलं आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा तिरका नंबर यांची जोडी दिसली की मी पुढचा चष्मा बनवायला घेत नाही, आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या काचेच्या आकाराचा नकाशा, करायला पाठवते. केराटोकोनस, म्हणजे ही काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येणं, आपल्याकडे फारसा दुर्मीळ नाही, पण उशिरा सापडतो. आणि खाजेसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालू नका, त्यांनी काचबिंदू होतो.

मोठ्यांची नजर

विशी-पंचविशीतला कारखान्यातला तरुण येतो. एका डोळ्याची मधली नजर न दुखता गेली, काही आठवड्यांनी दुसऱ्याचीही. ही लेबर यांच्याच नावाची, पण वेगळी, नसेची आनुवंशिक व्याधी असू शकते. ती फक्त आईकडून येते, म्हणून विचारायचं ते मामांबद्दल आणि मावशीच्या मुलांबद्दल. तंबाखू, विडी, दारू त्यात घातक ठरतात, तेव्हा रिपोर्टची वाट न बघता सोडायला सांगा. याउलट डोळा फिरवताना दुखतो आणि नजर झपाट्याने कमी होते, रंग फिके दिसतात, विशेषतः तरुण बाईला, तर तो नसेचा दाह असू शकतो. तिथं एक-दोन दिवसही घालवायचे नाहीत.

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी खाली येते? सकाळ-संध्याकाळ एकाच जागी फोटो काढा. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू वापरले की थकत जाणाऱ्या आजारात, असं होतं. बर्फ रुमालात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवल्यावर पापणी वर उचलली गेली, तर हा खराच मोठा पुरावा आहे. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर मात्र फोटोत वेळ न दवडता थेट सिव्हिलला जा.

दुर्मीळ नावाकडे धावण्याआधी गोळ्यांची यादी करा. टीबीच्या औषधांतलं इथॅम्ब्युटॉल नसेवर परिणाम करू शकतं. नजर बदलली तर त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना कळवा. संधिवाताची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं चालू असेल तर पडदा दरवर्षी तपासतात. बी-१२ची कमतरताही नस सुकवते आणि साध्या रक्त तपासणीत कळते.

तपासणीला जाताना

एका पानावर लिहून न्या: कधीपासून, कुठला डोळा, अचानक की हळूहळू, दुखतं का, रात्री जास्त की उन्हात जास्त. त्याच्या मागे घराण्याची तीन पिढ्यांची वंशावळ काढा, मुली आणि लहानपणी वारलेली मुलंसुद्धा धरून. आपल्या भागात मामाच्या मुलीशी आणि काही घरांत भाचीशी लग्न होतं. ते लपवू नका, लाजूही नका. आईवडील दोघंही एकाच सदोष जनुकाचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता असते, आणि नात्यातल्या लग्नात असं जुळण्याचा संभव वाढतो. आजेसासूबाईंना एकट्या गाठून विचारा, चारचौघांत त्या काही सांगणार नाहीत.

दवाखान्यात थेंब घालून बाहुली मोठी करण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत: टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बाहुल्यांची तपासणी, आणि रंगांची चाचणी. थेंब पडल्यावर बाहुलीची तपासणी त्या दिवशी होत नाही आणि नसेच्या आजाराचा महत्त्वाचा धागा हातातून जातो. "बाहुल्या बघितल्या का?" असं नम्रपणे विचारलं तर कुणी रागवत नाही. लहान मुलांचा नंबर थेंब घालूनच काढायचा असतो. ईआरजीच्या आधी वीसेक मिनिटं अंधारात बसवतात. मुलाला त्याची आदल्या रात्री घरीच खेळ म्हणून सवय लावा.

सुरुवात सिव्हिलपासून करायला हरकत नाही. अंगणवाडी-शाळेतल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून चिठ्ठी मिळाली तर १८ वर्षांपर्यंतच्या मुलाची पुढची तपासणी मोफत होते. ईआरजी किंवा जनुकीय तपासणीसाठी शहराबाहेर जावं लागलं, तर पुण्यापेक्षा हैदराबाद थोडं लांब, तीनशे किलोमीटरच्या वर, पण तिथलं एल. व्ही. प्रसाद हे असल्या आजारांचं मोठं केंद्र आहे आणि पैसे नसलेल्यांवर मोफत उपचारही करतं. आमच्या भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीला तिथं बोलायला सोपं जातं, हेही मी धरते. रेटिनोब्लास्टोमासाठी मुंबईचं टाटाही आहे. जुने चष्मे, जुने नंबर, सगळे फोटो आणि स्कॅन सोबत न्या. नुसता "नॉर्मल" लिहिलेला कागद उपयोगाचा नाही, मूळ चित्रं लागतात. थेंब उतरायला वेळ लागतो, लहान मुलांत तर दिवसही जातात, म्हणून काळा चष्मा किंवा टोपी न्या आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची धरा.

जनुकांचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, आणि "दोष सापडला, पण अर्थ अनिश्चित" असंही येऊ शकतं. आईवडिलांचं रक्तही तपासलं की त्याचा उलगडा होण्याची शक्यता वाढते. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं होत नाही. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक कौन्सेलरना भेटा. भावंडांचे डोळे मात्र आत्ताच तपासून घ्या, तक्रार नसली तरी. रेटिनोब्लास्टोमात तर हे त्याच आठवड्यात.

उपचार नसलेलं निदान आलं तरी कागद तयार ठेवा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा हा अर्ज आठवीतच करा.