शेजाऱ्याच्या अंगणाखालून गेलेली गटारलाइन

नागपूरच्या मानेवाड्यात आमचं घर मागच्या प्लॉटवर आहे. मूळ मालकानं 1996 मध्ये एकाच प्लॉटचे दोन तुकडे केले. पुढचा काकाजींनी घेतला, मागचा आम्ही, बांधलेल्या घरासकट. आमची गटारलाइन तेव्हापासूनच काकाजींच्या अंगणाखालून रस्त्यावरच्या चेंबरला जाते. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी नेमकी तिथेच खोली काढायचं ठरवलं आणि म्हणाले, "वहिनी, पाईप काढून घ्या."

अशी वेळ आली तर आधी लाइन शोधा. मी बादलीभर पाण्यात नीळ कालवून संडासात ओतली आणि काकाजींना रस्त्यावरच्या चेंबरजवळ उभं केलं. निळं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत आलं, तेव्हा निम्मा वाद तिथेच मिटला. मग प्लंबरकडून झाकणं उघडून लाइन किती खोल आहे ते मोजलं, भिंतीपासूनचं अंतर टेपनं घेतलं. अंगणातलं जुनं झाकण बुजू देऊ नका. नाला जमिनीखाली असला तरी जाणकाराला नीट पाहिल्यावर सापडत असेल, तर कायदा त्याला उघड मानतो.

हा कायदा म्हणजे 1882 चा सुविधाधिकार अधिनियम. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जागेसाठी दुसऱ्याची जमीन ठरावीक कामापुरती वापरायचा हक्क. मुंबईला तो 1891 मध्ये लागू झाला, आपलं नागपूर तेव्हा ज्या मध्यप्रांतात होतं, तिथे मात्र पहिल्याच वर्षापासून होता. एकाच मालकाच्या जागेचे तुकडे पडताना जी लाइन चालू होती आणि जिच्याशिवाय घर पूर्वीसारखं वापरता येत नाही, तिचा हक्क सहसा घराबरोबर येतो. म्हणून विक्रीपत्र, आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा सरकारी उतारा) आणि मंजूर नकाशा काढून ठेवा. मोजणीवर मात्र फार विसंबू नका. मोजणीत हद्द कळते, पाईप नाही.

दोन्ही प्लॉट आधीपासूनच वेगवेगळ्या मालकांचे असतील, तर वीस वर्षांचा वापर दाखवावा लागतो: शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्कानं. इथे लोक फसतात. "तुमच्या परवानगीनं लाइन टाकतो" असं कुठे लिहून दिलं असेल, तर तो वापर हक्काचा धरला जात नाही.

हक्क असला तरी जमीन शेजाऱ्याचीच, हे मनापासून माना. दुरुस्तीला आत जाता येतं, खोदताही येतं, पण वेळ त्यांच्या सोयीची बघून, आणि जागा पूर्ववत करून द्यायची. त्यांनी वर फरशी घालावी, कुंड्या ठेवाव्या. लाइन दबेल असा पाया मात्र घालू नये.

आम्ही लाइन सांदीतून वळवली, खर्च अर्धा-अर्धा. वळवण्याआधी ढाळ पुरतो का ते तपासून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी उलटं येतं. करार नोटरीवर सोडू नका. वकिलाकडून नकाशासह लिहून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे उद्या घर विकलं तरी नव्या मालकाला तो नाकारता येणार नाही.

समोरचा ऐकतच नसेल, पाईप फोडायला निघाला असेल, तर हातघाईवर येऊ नका. त्याच दिवशी फोटो काढा आणि दिवाणी न्यायालयात तात्पुरता मनाई हुकूम मागा. बायांनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आपल्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि चर बुजवण्याआधी, पाईप उघडा दिसत असताना, भिंतीपासून टेप धरून फोटो घ्या. आमचा फोटो दोन्ही घरांच्या विक्रीपत्रांसोबत ठेवला आहे.