शेळीला कमी बोलू द्या

सोलापुरात बाहुल्यांचे खेळ करायला लागून मला नऊ वर्षं झाली. नव्यानं सुरू करू पाहणारे कुणी भेटायला आले की आधी पिशवीतून स्क्रिप्ट काढतात. दहा पानं, सगळे संवाद. मीही तसंच केलं होतं. पहिला खेळ गणपतीत, पूर्व भागातल्या एका मंडळासमोर. माझा राजा चार मिनिटं भाषण ठोकत राहिला आणि पुढच्या सतरंजीवरची पोरं एकमेकांचे कान ओढायला लागली. त्या गल्लीत घरोघरी तेलुगू बोलतात. पोरांना मराठी येत होतं, पण मागं बसलेल्या आज्यांना माझं पुस्तकी मराठी कशाला कळतंय?

राजा पेटीत गेला आणि शेळी आली. 'में' म्हणायला भाषा लागत नाही. आता ती पडद्यावर डोकं काढते आणि एकेकाकडं बघून बोलावते: 'ये', 'रा', 'बा'. मराठी, तेलुगू, कन्नड. प्रत्येकाला आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटतं आणि एका शब्दाला तोंड एकदाच उघडावं लागतं.

बाहुलीत हात घालून तिचं तोंड उघडणं ही खरी शिकायची गोष्ट. नवखा माणूस चारही बोटं वर उचलतो, मग बाहुली आकाशाकडं बघत बोलते. बोटं स्थिर ठेवा, अंगठा खाली न्या. नजर प्रेक्षकांवर हवी, म्हणून मनगट थोडं पुढं झुकवायचं. पोरं खाली बसलेली असतात हे विसरू नका. दहा मिनिटांनी हात भरून येतो आणि बाहुली हळूहळू पडद्यामागं बुडायला लागते. आपल्याला ते कळतही नाही. मी रोज आरशासमोर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून हात वर ठेवायचे. आजही खेळ पस्तीस मिनिटांपुढं नेत नाही.

बाहुली महाग नको. माझी शेळी सोलापुरी टॉवेलची आहे. त्याचे उभे धागे लांबून लोकरीसारखे दिसतात आणि मळली की धुता येते. आत फोम, शिंगं कागदाच्या लगद्याची. लगद्यात मेथीचं पीठ घाला, कीड लागत नाही. आमच्या आजीच्या टोपल्या अशाच टिकल्या. कळसूत्री बाहुल्या लगेच हातात घेऊ नका, दोऱ्या गुंतल्या की खेळ तिथंच थांबतो. त्या बघायच्या असतील तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्यात. तिथलेच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

माईक मात्र चांगला घ्या, डोक्याला लावायचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ खेळ करायचा मोह होतो, गर्दी आयती असते. मी एकदा केला. पाळण्यांच्या आवाजात शेळी मुकी झाली. तेव्हा सुचलं म्हणून पडद्यामागं माईकजवळ कडक भाकरी मोडली. कडाड! सगळी वळून बघायला लागली. ती भाकरी खेळात कायमची आली.

दोन-अडीच वर्षांच्या पोराजवळ बाहुली न्यायची नाही, आईबाप फोटोसाठी कितीही आग्रह करोत. ते घाबरून रडलं की शेजारची चार रडतात. बाहुली लांब ठेवा, तिलाच लाजायला लावा. मग पोरगं आपणहून सरकत येतं.

पैशाचं: निम्मे आधी घ्या. एका वाढदिवसाला 'पोरं फार हसली नाहीत' म्हणून माझे पाचशे कापले होते. आणि मे महिन्यात दुपारची सुपारी घेऊ नका. पारा चाळिशीपार असतो, काळ्या पडद्यामागं तर भट्टी.

परवा खेळ संपल्यावर एक आजी पडद्यामागं आल्या. काही न बोलता त्यांनी शेळीच्या तोंडापुढं चपातीचा तुकडा धरला. मी घाईनं हात आत घातला, शेळीनं खाल्ला. आजी खूश. तुकडा शेळीच्या बाहीत राहिला आणि सकाळी पेटीला मुंग्यांची रांग. तेव्हा पेटी बंद करण्याआधी बाही झटका.